जुना डबा, नवं कार्ड!

नवा पीसी घ्यायचा तर खिसा रिकामा, जुनाच ठेवायचा तर काम ठप्प. अशा वेळी सगळे एकच सल्ला देतात, ‘ग्राफिक्स कार्ड टाक ना!’ पण कुठलं? कनेरगाव नाक्यावरच्या एका दहा वर्षं जुन्या डेस्कटॉपने आम्हाला जे शिकवलं, ते तुमच्याही कामाला येईल...

आयटीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी एक फोन लिहिलेला असतो. ‘‘तू कॉम्प्युटरमध्येच आहेस ना? मग सांग बरं, आमचा असा का करतोय?’’ आता आपण ऑफिसात दिवसभर करतो काय, तर मेल, मीटिंग आणि एक्सेल शीट. कॅबिनेटचा स्क्रू शेवटचा कधी उघडला होता ते आठवतसुद्धा नाही. पण हे घरच्यांना सांगायचं कोणी?

माझ्याकडे तो फोन २०२५ च्या दिवाळीआधी आला. पलीकडे धाकटा भाऊ. आमचं गाव कनेरगाव नाका. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं, मराठवाडा संपता संपता आणि विदर्भ सुरू होता होता लागणारं. भाऊ तिथेच लग्नाचे फोटो-व्हिडिओ करतो. शूटिंग स्वतःचं आणि एडिटिंगही घरीच. त्याचं अख्खं एडिटिंग चालतं ते मी इंजिनीअरिंगला असताना २०१४ मध्ये असेम्बल करून घेतलेल्या डेस्कटॉपवर. मी नोकरीला लागलो, लॅपटॉप घेतला आणि तो डबा त्याला देऊन टाकला. फुकट दिलेल्या वस्तूची वॉरंटी आयुष्यभर आपल्यावरच असते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं!

‘‘दादा, लई हँग व्हायलंय. ड्रोनचं फुटेज टाकलं की माऊसबी हलंना. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. दोन पार्ट्यांचे अॅडव्हान्स घेऊन बसलोय. माझ्याकडं वीस हजार आहेत. ग्राफिक्स कार्ड घेऊन दे.’’

वीस हजार. पुण्यात दोन-तीन वीकेण्डला उडतील एवढे. पण त्याच्यासाठी ती अख्ख्या उन्हाळ्याची बचत होती. आणि त्या पैशांवर पुढचा अख्खा सीझन उभा होता.

पहिला डाव हुकला

कबूल करतो, मी शहाणपणा केला. म्हटलं, नव्या कार्डाला कशाला एवढे पैसे घालवायचे? ऑनलाइन सेकंडहॅण्ड बघू. एका विक्रेत्याकडे ‘जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, एकदम नवीन’ चार हजारांत दिसलं. फोटो झकास, खोकं चकाचक. घेतलं आणि थेट गावाला पाठवलं.

भावाने लावलं. डिस्प्ले आला, पण ड्रायव्हर काही केल्या बसेना. शेवटी त्याला ‘जीपीयू-झेड’ नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर चालवायला सांगितलं. त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला आणि मी डोक्याला हात लावला. कार्डाच्या नावाआधी चक्क ‘फेक’ असा शिक्का! आतली चिप होती जीटीएस ४५० च्या पिढीतली, म्हणजे २०१० सालची. जुन्या कार्डाच्या बायॉसमध्ये नव्या कार्डाचं नाव भरायचं आणि विकायचं, असा हा धंदा आहे. विक्रेता फोन उचलेना. ते चार हजार मी माझ्या खिशातून भरले. पण गेलेला आठवडा कुठून भरणार? त्या आठवड्यात एक पार्टी वैतागली आणि अॅडव्हान्स परत घेऊन गेली.

तेव्हा मात्र ठरवलं, आता घाई नाही. आधी दुखणं कुठे आहे ते बघायचं, मग औषध.

आधी टास्क मॅनेजर, मग बाजार

दिवाळीला घरी गेलो. पहिल्यांदा कॅबिनेट उघडलं. सोयाबीनच्या मळणीचे दिवस, गावभर धूळ. पंख्यावर तर तिची गोधडीच तयार झाली होती. ब्रशने आणि ब्लोअरने ती काढली, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलली. एवढ्यानेच मशिनचा आवाज अर्धा झाला. खर्च? एका पिझ्झापेक्षा कमी.

मग त्याला म्हटलं, ‘‘आता तुझं नेहमीचं काम सुरू कर.’’ आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडून ठेवला. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ या टॅबमध्ये प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स यांचे वेगवेगळे आलेख दिसतात. जो आलेख सतत शंभर टक्क्यांना टेकलेला, तो खरा आरोपी.

आमच्याकडे आरोपी एक नव्हता, टोळी होती! ८ जीबी रॅम भरून वाहत होती. त्यामुळे विंडोज सारखं हार्ड डिस्कवर सामान टाकत होतं आणि ती जुनी फिरती हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली होती. ग्राफिक्सचा नंबर त्यानंतरचा. म्हणजे त्या मशिनमध्ये जगातलं सगळ्यात महागडं कार्ड लावलं असतं, तरी माऊस अडकलाच असता.

तर मंडळी, धडा पहिला. तुमचं काम ब्राउझर, वर्ड, एक्सेल आणि रात्री सिनेमा एवढंच असेल, तर ग्राफिक्स कार्डाचा विचारही करू नका. एक एसएसडी आणि थोडी रॅम टाका, जुना डबा धावायला लागेल. कार्ड लागतं ते तीन कामांना: गेम, व्हिडिओ एडिटिंग आणि थ्रीडी. आता घरच्या मशिनवर एआयचे प्रयोग करणारे चौथे आले.

रस्ता किती पदरी?

कार्ड निवडताना सगळे विचारतात, ‘किती जीबीचं?’ खरे प्रश्न वेगळेच आहेत. पहिला प्रश्न रस्त्याचा.

आमच्या नाक्यावरून अकोला-नांदेड महामार्ग जातो. पूर्वी दुपदरी होता. एक ट्रक आडवा आला की मागे रांग. चारपदरी झाला आणि तीच गाडी जोरात पळायला लागली. मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटचं नेमकं असंच आहे. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला हा रस्ता. त्याची पिढी जितकी नवी, तितका प्रत्येक पदरावरचा वेग जास्त. दुसऱ्या पिढीत एका पदरावरून सेकंदाला सुमारे ५०० एमबी जातात, तिसरीत जवळपास १ जीबी, चौथीत २ जीबी.

गंमत अशी, की काही स्वस्त नवी कार्डं सोळा पदरांच्या स्लॉटमध्ये बसतात, पण वापरतात फक्त चार. एएमडीची आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही २०२२ मधली कार्डं अशीच आहेत. चौथ्या पिढीच्या बोर्डावर चार पदरांतून ८ जीबी जातात, त्यामुळे तिथे त्यांचं भागतं. पण आमचा बोर्ड एच८१ चिपसेटचा, म्हणजे दुसरी पिढी. तिथे त्या चार पदरांतून जेमतेम २ जीबी. नवी गाडी घ्यायची आणि पाणंदीतून चालवायची! शिवाय आरएक्स ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा हार्डवेअरचा भागच नाही. एडिटिंग करणाऱ्याला ते स्वस्तात मिळालं तरी महागच.

इंटेलचं आर्क ए३८० ही मोहात पाडतं. व्हिडिओच्या कामात ते हुशार आहे. पण त्याला ‘रिसाइझेबल बार’ नावाची सोय बोर्डात लागते आणि ती साधारण दहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून मिळते. आमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा. विषय संपला.

वॅटचा हिशेब चुकवू नका

दुसरा प्रश्न विजेचा. आणि गावाकडे तो सगळ्यात मोठा.

मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापेक्षा जास्त भूक असलेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. आरटीएक्स ३०६० ला लागतात १७० वॅट. जुन्या आरएक्स ५८० ला १८५. आणि जुन्या असेम्बल्ड पीसीत बहुतेक वेळा असतो तो बिनब्रॅण्डचा एसएमपीएस. त्यावर ‘४५० वॅट’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं, पण हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका! असा एसएमपीएस ताणावर गेला की एकटा मरत नाही. जाताना बोर्ड आणि कार्डही घेऊन जातो.

म्हणून जुन्या डब्यासाठी सगळ्यात सुरक्षित गट म्हणजे ७५ वॅटच्या आतली कार्डं, ज्यांना वेगळी वायर लागत नाही. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय, २०१९ चं जीटीएक्स १६५०, आणि २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल. हे शेवटचं फक्त ७० वॅटवर चालतं. मात्र दुकानात नीट नाव घेऊन मागा. ३०५० चंच ८ जीबीचं आधीचं मॉडेल आहे, ते १३० वॅट खातं. आणि १६५० च्या काही मॉडेलना कंपन्यांनी सहा पिनांची जोडणी दिलेली आहे.

एक गावाकडचा मुद्दा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच झेपवतो. कार्ड वाढवलंत तर त्याच्यावरचा बोजाही वाढणार. आणि अर्थिंग तपासून घ्या. आमच्याकडे कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. वायरमनला बोलावून ते आधी नीट केलं, मग पुढचं.

लॅमिंग्टन रोडची वारी

अभ्यास झाला. आता खरेदी. पुण्याहून शनिवारी सकाळी मुंबई गाठली. ग्रॅण्ट रोड स्टेशनला उतरलं की पूर्वेला काही मिनिटांवर लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगून तुम्हाला कोणी दुकान दाखवलं तर शपथ! रविवारी इथे बहुतेक शटर बंद असतात, म्हणून शनिवार.

या रस्त्याची मजा ऑनलाइन खरेदीत नाही. एका गाळ्यात रॅम, दुसऱ्यात केबल, तिसऱ्यात नुसते पंखे. भाव दुकानागणिक बदलतो आणि आठवड्यागणिकही, म्हणून आकडे इथे छापत नाही. एवढंच सांगतो, किमान चार दुकानांत विचारल्याशिवाय पाकीट बाहेर काढू नका. ‘बिलाशिवाय घेतलं तर कमी लावतो’ असं ऐकू येईल. तेव्हा गोड हसायचं आणि पुढे जायचं. ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी आहे हे खरं. पण तो वाचवला तर कागद जातो, आणि कागद गेला की वॉरंटीचं भांडण तुमचं एकट्याचं. बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. खोक्यावरचा आणि कार्डावरचा नंबर तिथेच जुळवून बघा.

सेकंडहॅण्ड गल्लीतही डोकावलो. २०२०-२१ मध्ये क्रिप्टोच्या मायनिंगसाठी लोकांनी कार्डं पोत्याने उचलली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरिअमने ती पद्धतच सोडली आणि ती कार्डं बाजारात आली. त्यातली सगळी खराब असतात असं नाही. पण दिवसरात्र तापलेल्या पंख्याचं आणि मेमरीचं आयुष्य किती उरलंय, हे कोण सांगणार? सेकंडहॅण्ड घ्यायचंच असेल तर डोळ्यांसमोर अर्धा तास लोड देऊन चालवून बघा आणि जीपीयू-झेडमध्ये नाव तपासा. चार हजारांची फी भरून शिकलोय, तुम्हाला फुकट देतोय!

सोबत येणारा खर्च

आता सगळ्यात कठीण प्रश्न. दहा वर्षांच्या मशिनवर एवढे पैसे घालणं शहाणपणाचं आहे का?

प्रश्न रास्त आहे. कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नेमका त्या दिवाळीच्या तोंडावर. आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदत वाढवून दिली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. म्हणजे मशिनचं वय दिसत होतं. त्यात वर्षाच्या अखेरीस एआयच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, त्यामुळे नवा पीसी आणखीच लांब गेला.

मग मी एका कागदावर दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं ‘सोबत येणारा खर्च’, दुसऱ्यावर ‘बुडणारा खर्च’. एसएसडी पुढच्या पीसीत जाते. चांगला एसएमपीएस जातो. ग्राफिक्स कार्ड जातं. पण डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसत नाही. म्हणून रॅमवर कमीत कमी खर्च, जुनीच ८ जीबीची पट्टी शोधायची. आणि कार्ड असं घ्यायचं, जे नव्या मशिनमध्येही दोन-तीन वर्षं काम देईल.

या एका कसोटीवर निवड आपोआप झाली. जीटीएक्स १०५० टीआय स्वस्त होतं, पण एनव्हिडिआने त्या पिढीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, पुढे फक्त अधूनमधून सुरक्षेच्या दुरुस्त्या. १६५० ला ड्रायव्हर मिळत होते, पण मेमरी ४ जीबी, आणि ४के फुटेजवर दोन-चार इफेक्ट चढवले की ती संपते. शिवाय मूळ १६५० मधला एन्कोडर आधीच्या पिढीचा आहे. उरलं ३०५० चं ६ जीबी. ते आठ पदर वापरतं, म्हणजे आमच्या बोर्डावर सेकंदाला ४ जीबीचा रस्ता. थोडा फटका बसतो, पण काम अडत नाही. पुढच्या बोर्डावर तोही जाईल.

कार्ड भावाच्या पैशांतून घेतलं. एसएसडी, एसएमपीएस आणि रॅम माझ्या बोनसमधून. तो ‘नको दादा’ म्हणाला. मी म्हटलं, ‘‘डबा माझाच होता ना!’’

काळ्या स्क्रीनची रात्र

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने कार्ड मांडीवर घेऊन गावाला गेलो. शेजारच्या काकांना वाटलं, मिठाई आहे.

सगळं जोडलं. पॉवर दिली. पंखे फिरले. स्क्रीन काळी! भावाचा चेहरा बघवत नव्हता. दहा मिनिटांनी उजेड पडला. मॉनिटर जुना, त्याला फक्त व्हीजीए. नव्या कार्डांवर व्हीजीए नसतंच, म्हणून आमची केबल अजून मदरबोर्डच्या जुन्या पोर्टात! कार्ड बसलं की बोर्ड स्वतःचा डिस्प्ले बहुधा बंद करतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर पिशवीतच राहिला होता. तो लावला आणि स्क्रीन उजळली. जुन्या ड्रायव्हरचे अवशेष साफ केले, नवा ड्रायव्हर टाकला.

आणखी एक गोष्ट केली, जिला एक रुपयाही लागला नाही. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रॉक्सी’ सुरू केलं. म्हणजे ४के फुटेजच्या छोट्या, हलक्या प्रती बनवायच्या, कापाकापी त्यांच्यावर करायची आणि शेवटी एक्स्पोर्ट मात्र मूळ फाइलमधून. खरं सांगू? अर्धा फरक तर यानेच पडला. हे आधी माहीत असतं, तर गेलेली पार्टी कदाचित गेली नसती.

सीझनच्या पहिल्या लग्नाचा व्हिडिओ त्याने एक्स्पोर्टला लावला. पूर्वी रात्री लावून सकाळी बघायचा. या वेळी आईने ताटं वाढली, आम्ही जेवलो, हात धुवून आलो तर झालेला! मशिन काही रॉकेट झालेलं नाही. चार कोअरचा जुना प्रोसेसर आहे, जड इफेक्टला दम लागतो. पण काम अडत नाही.

आता त्याने पुढच्या मशिनसाठी दर लग्नामागे थोडे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केलीय. कार्ड तयार आहे, म्हणतो, आता त्याच्याभोवती पीसी बांधायचा. आणि मला परवा पुन्हा फोन आला. ‘‘दादा, मित्राचा कॉम्प्युटर हँग व्हायलाय. तुझा नंबर दिलाय त्याला!’’

चौकट : पाकीट उघडण्याआधी

• टास्क मॅनेजर बघा. डिस्क किंवा रॅम शंभर टक्क्यांवर असेल, तर आधी एसएसडी आणि रॅम.

• एसएमपीएसचं लेबल वाचा. ब्रॅण्ड नसेल किंवा वय जास्त असेल, तर वेगळी वायर लागणारं कार्ड नको.

• कॅबिनेटमधली जागा टेपने मिलिमीटरमध्ये मोजा. ऑफिसच्या स्लिम डेस्कटॉपला कमी उंचीचंच, म्हणजे ‘लो प्रोफाइल’ कार्ड लागतं.

• स्लॉटची पिढी आणि कार्डाचे पदर जुळवा. जुन्या बोर्डावर चार पदरांचं कार्ड टाळा.

• नुसत्या ‘जीबी’वर भाळू नका. जीटी १०३० हे एकाच नावाचं कार्ड जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा दोन मेमरींत आलं, आणि दुसरं बरंच संथ आहे.

• खूप जुन्या, यूईएफआय नसलेल्या बोर्डावर नवं कार्ड डिस्प्लेच न देण्याची शक्यता असते. परत घेण्याची अट आधी विचारा.

• मॉनिटरची केबल कुठली ते बघा. व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर सोबतच घ्या, आणि पिशवीत विसरू नका!

• बिल, सीरियल नंबर, वॉरंटी. तिन्ही हातात आल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.